करडांच्या वाट्याचे मीठ

रायगडच्या किनाऱ्यावर मिठाची वाण आहे, असे कोणी म्हटले तर ते हसण्यावारी नेले जाईल. पेण-उरणच्या मिठागरांना मोठी परंपरा आहे आणि समुद्र तर उंबरठ्याशीच. तथापि मिठागरातील खडेमिठात आयोडीन नाममात्रच असते. समुद्राच्या पाण्यातील हा घटक मीठ पिकताना त्यात फारसा उतरत नाही. शिवाय दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारी येथील उताराची वरकस जमीन धुपून निघते, तेव्हा तिच्यावरील चाऱ्यातही तो उणा पडण्याचा संभव राहतो.

माणसापुरता हा प्रश्न कायद्याने हाती घेतला. 2006 पासून आयोडीनविरहित मीठ माणसाच्या खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आहे. शेळी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. गाभण शेळीला पाच महिन्यांच्या काळात आयोडीन कमी पडले, तरी ती स्वतः बहुधा धडधाकटच दिसते. भोग येतात ते करडाच्या वाट्याला. गळ्याशी सूज, अंगावर केस विरळ, आचळ ओढण्याचेही त्राण नाही. काही करडे तर मेलेलीच जन्मतात. मग बोल लावला जातो तो दृष्ट लागण्याला!

यातून वाचलेल्या करडापुढे माळावरची टणटणी उभी असते. शेळीला काहीही पचते, हा समज जितका जुना तितकाच घातक आहे. एरवी शेळ्या टणटणीला सहसा तोंड लावत नाहीत. परंतु चारा आटला किंवा जनावर परमुलखातून नवे आणलेले असले की हा विवेक सुटतो. तिच्या पानांतील विष यकृतावर घाला घालते, कावीळ होते आणि उन्हात कान-नाकपुड्यांची कातडी भाजल्यासारखी सोलवटते. अशा जनावराला तत्काळ सावलीत बांधून पशुवैद्याला बोलवावे. उपचार लवकर झाला तरच उपयोग.

सुबाभळीची कथा याहून निराळी. 1970-80 च्या दशकांत चाऱ्यासाठी तिचा मोठा गाजावाजा झाला, आणि तिचा पाला पौष्टिक आहे हे खरेच. पण त्यातील मिमोसिनपासून पोटात तयार होणारे द्रव्य गलग्रंथीचे काम रोखते. तेथे आयोडीनयुक्त मीठही पुरे पडत नाही. हवाईतील शेळ्यांच्या पोटात हे द्रव्य पचवणारे जंतू आढळले आणि 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी ते आपल्या जनावरांत नेले. आपल्याकडे साधा नियम पुरे आहे : सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको.

दहा शेळ्या व एक बोकड वाटणाऱ्या योजना शासनाने काढल्या, हे स्तुत्यच. भूमिहीन घरात दोन करडे दगावली तर वर्षाच्या वह्यापुस्तकांचा पैसा गेला, हे मात्र वाटपाच्या आकड्यांत दिसत नाही. आंत्रविषाराची लस टोचण्यासाठी पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकीय कर्मचारी गावात येतात, त्याच फेरीत गाभण शेळ्यांच्या गोठ्यात क्षारविटा टांगणे आणि करडांचे गळे चाचपून पाहणे अवघड नाही. गायरानातील टणटणी पहिल्या पावसानंतर, माती भुसभुशीत असताना, मुळासकट उपटली पाहिजे. नुसती छाटली तर ती पुन्हा दुप्पट फुटते.