आघाड्याची पत्री आणि रोहूचे खाद्य

मंगळागौरीच्या पत्रीत आघाडा हवाच, असा घराघरांतील आग्रह. एरवी कुंपणाकडेला माजणाऱ्या या वनस्पतीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी मात्र आघाड्याचे बी रोहू माशाच्या खाद्यात मिसळून पाहिले. त्यामुळे माशाची रोगप्रतिकारशक्ती वाढते, असा निष्कर्ष त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगच्या केंद्रीय संस्थेत लसूण आणि आंब्याची कोय यांवर असेच प्रयोग झाले. तुळस, हळद, अश्वगंधा यांचीही परीक्षा ठिकठिकाणी झाली आहे.

हा विषय केवळ मत्स्याहारी कुटुंबांचा नाही. मत्स्यसंवर्धनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. तळ्यात दाटीने वाढणाऱ्या माशांत रोग शिरला की प्रतिजैविके खाद्यातून साऱ्या तळ्यालाच दिली जातात. न खाल्लेले खाद्य पाण्यात विरघळते आणि त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू निपजतात. पाण्याबरोबर ते कोठेही पोहोचू शकतात. शाकाहारी माणसाचे घर ते वगळत नाहीत. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर २००६ पासून बंदी घातली. २०१६ मध्ये भारतातून जाणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण त्याने निम्म्या मालापर्यंत वाढविले. भारत सरकारनेही २०१९ मध्ये पशुपालन, कुक्कुटपालन व मत्स्यसंवर्धनातील कोलिस्टिनचा वापर बंद केला. या पोकळीत वनौषधींना मोठी संधी आहे.

मासे पाळून त्यांना निगुतीने खाऊ घालणे आपल्या परंपरेला नवे नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती व त्यांचे खाद्य यांचा विचार त्यात आहे. हा वारसा अभिमानास्पद खरा. पण अभिमानाच्या आडोशाला बाजार उभा राहतो आहे, त्याचे काय? ‘वनस्पतीजन्य’ एवढा शब्द छापून बाटली विकली जाते. आत कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग आहे, गुणकारी घटक किती आहे, मात्रा कोणत्या माशाला किती द्यावी, याचा पत्ता नसतो.

वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर घातकच आहे. तळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी शेतकरी हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतो. तिच्यातील सॅपोनिन माशांचा जीव घेते. कडुनिंबाचा अर्कही मात्रा ओलांडली की माशांना विषारी ठरतो. युक्तीने वापरलेले विष औषध होते आणि अविचाराने दिलेले औषध विष होते, ही तर आयुर्वेदाचीच शिकवण.

हळदीचे अमेरिकेतील पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते भारतीय शास्त्रज्ञांनी छापील पुरावे मांडले म्हणून. घोषणांनी ते साधले नसते. माशांच्या औषधांतही तोच मार्ग आहे. वनस्पती कोठे वाढली, कधी तोडली, यावर तिचा गुण बदलतो. म्हणून अर्काचे प्रमाणीकरण हवे. प्रयोगशाळेच्या टाकीत जे सिद्ध झाले, ते शेतकऱ्याच्या तळ्यात निरनिराळ्या ऋतूंत पुन्हा सिद्ध व्हावे. घटक व मात्रा न छापणाऱ्या उत्पादनास विक्रीची मुभा नसावी. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, कृषी विद्यापीठे आणि आयुर्वेदाचे जाणकार यांनी एकत्र बसावे, एवढी साधने देशात निश्चित आहेत.

एका फसव्या बाटलीने तळे हातचे गेले, तर तो शेतकरी पुन्हा प्रतिजैविकांकडेच वळेल आणि बोल मात्र आयुर्वेदाला लागेल. स्वदेशीवर निष्ठा असणाऱ्यांनी म्हणूनच परीक्षेचा आग्रह इतरांपेक्षा अधिक धरला पाहिजे.