थांबला तो संपला : ऑनलाइन पोकरमधील अतिसावधांचे गणित

पत्त्यांत पैसे घालवणारा खेळाडू म्हटला, की डोळ्यांसमोर उभा राहतो तो वाटेल तशी पैज लावणारा उतावळा गडी. ऑनलाइन पोकरच्या स्पर्धांत मात्र त्याच्याइतकाच हमखास, पण गाजावाजा न करता बुडणारा आणखी एक वर्ग आहे. हा खेळाडू उत्तम पानांची वाट पाहत बसतो. पाने आलीच, तरी पैज वाढवत नाही. दुसऱ्याने लावलेली तेवढी भरतो. स्वतःच्या लेखी तो सावध असतो. स्पर्धेची रचना मात्र अशा सावधपणाला दयामाया दाखवत नाही.

याचे मूळ 'ब्लाइंड'मध्ये आहे. तीन पत्तीतील ब्लाइंडशी याचा संबंध नाही. पोकरमध्ये पाने वाटण्यापूर्वी दोघांना सक्तीने भरावी लागणारी ही रक्कम. स्पर्धेत ती ठरावीक वेळाने वाढत जाते आणि उत्तरार्धात तिच्यावर 'अँटी'चीही भर पडते. नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंड ५०० व १,००० आणि अँटी १,००० असेल, तर एका फेरीचा खर्च अडीच हजार चिप्स. हाती १० हजार चिप्स असणारा खेळाडू काहीही न करता चार फेऱ्या, म्हणजे जेमतेम ३६ डाव तग धरू शकतो. ज्यांची तो वाट पाहतो, ती पाने, म्हणजे एक्क्यांची, राजांची वा राण्यांची जोडी किंवा एक्का-राजा, सरासरी ३९ डावांत एकदा येतात. ३६ डावांत ती एकदाही न येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात जाते! शिवाय तोवर ब्लाइंड तेवढेच राहत नाहीत. अखेर राजांची जोडी येते, तेव्हा चिप्स इतक्या घटलेल्या असतात, की दुप्पट होऊनही गडी पूर्वीच्याच जागी येतो.

नुसती पैज भरत राहण्याचे दुखणे वेगळे. पैज वाढवणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात : शेवटी पाने सरस ठरणे किंवा समोरच्याने आधीच पाने टाकणे. भरणाऱ्याकडे पहिलाच मार्ग उरतो. हातात जोडी नसेल, तर टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत तीनपैकी दोन वेळा काहीच जुळत नाही. म्हणजे समोरचाही बहुतेकदा रिकाम्या हातानेच बसलेला असतो. वरच्या उदाहरणातील खेळाडूने सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि इतरांनी पाने टाकली, तर एकही पान न दाखवता त्याची पुंजी २५ टक्क्यांनी वाढते.

ऑनलाइन पोकरची लाट जिच्यामुळे उसळली, ती घटनाही याच मार्गाची. २००३ च्या 'वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला टेनेसीचा लेखापाल ख्रिस मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन गेला. अंतिम लढतीत हाती काहीही जुळलेले नसताना त्याने सर्व चिप्स लावल्या आणि नव्व्यांची जोडी धरून बसलेल्या सॅम फार्हाने पाने टाकली. फार्हासारख्या मुरलेल्या व्यावसायिकाकडून हे घडले, हे विशेष.

यंत्रानेही याला दुजोरा दिला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ व फेसबुक यांच्या 'प्लुरिबस' या संगणक प्रणालीने २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवले. स्वतःविरुद्धच खेळत शिकलेल्या या प्रणालीने, छोट्या ब्लाइंडची जागा सोडल्यास, सुरुवातीला नुसती पैज भरून डावात शिरणे जवळपास सोडूनच दिले होते. अर्थात, तिचे सामने स्पर्धेच्या स्वरूपाचे नव्हते.

स्पर्धेत काही वेळा गप्प बसणेच शहाणपणाचे असते, हेही खरे. पात्रता फेरीत नऊ जागा आणि दहा खेळाडू उरले असतील, तर भक्कम पुंजी असणाऱ्याने एक्क्यांची जोडीही टाकून देणे योग्य ठरू शकते. कारण नवव्या आणि पहिल्या खेळाडूला बक्षीस सारखेच. पण तिथे पाने टाकली जातात ती हिशेबाने. अतिसावध खेळाडू बक्षिसांच्या उंबरठ्यावर आकसतो तो भीतीने, आणि हे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना चांगले ठाऊक असते. कोण किती डावांत उतरतो, किती वेळा पैज वाढवतो, याची टिपणे ठेवणारी सॉफ्टवेअर ऑनलाइन पोकरमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेली. असा गडी हेरला गेला, की त्याच्या ब्लाइंडवर प्रत्येक फेरीत धाड पडते.

भारतात या कौशल्याच्या युक्तिवादाला २०२५ मध्ये वेगळेच वळण लागले. पैज भरावी की वाढवावी, या निर्णयांच्या आधारेच पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याचे कंपन्या न्यायालयांत सांगत आल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच मोडीत काढला. देशातील प्रमुख पोकर संकेतस्थळांनी पैशांची टेबले त्याच महिन्यात बंद केली. हा कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंत पाने हाताने वाटली जातात आणि तासाला पडणारे डाव ऑनलाइनच्या निम्म्याहूनही कमी असतात. ब्लाइंड वाढण्याचा वेग तोच ठेवला, तर वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला तिथे आणखी कमी डाव येतात.