प्रशिक्षण झाले, शुश्रूषा बदलली का?

डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध ओरडू लागला, अंगावर धावून आला, की त्याला मनोविकारावरील औषध देऊन शांत करायचे, ही अनेक शुश्रूषागृहांतील जुनी रीत. तिचे धोके संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहेत. प्रश्न आहे तो हे ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवण्याचा. ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच या औषधांमुळे डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढत असल्याचा इशारा दिला होता. ब्रिटनमध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांच्या २००९ मधील अहवालाने चित्र अधिक स्पष्ट केले. वर्षाकाठी सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जात होती. लाभ मिळत होता तो फार तर ३६ हजारांना. त्यापायी दरवर्षी सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवत असल्याचा त्यांचा अंदाज होता.

औषधाला पर्याय मात्र उपलब्ध होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ शुश्रूषागृहे निवडण्यात आली. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी तज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस, असे दहा महिने कर्मचाऱ्यांसोबत राहिले. रुग्ण का चिडतो? त्याला वेदना आहेत, की एकटेपणा? याचा शोध घेण्यास त्यांनी शिकवले. वर्षअखेरीस तेथे ही औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्के होते; इतरत्र ते ४२ टक्के होते. औषधे कमी झाली म्हणून रुग्णांचा त्रागा लक्षणीय वाढला, असेही दिसले नाही. पुढे २०१८ मध्ये ६९ शुश्रूषागृहांतील 'व्हेल्ड' चाचणीत प्रशिक्षणाला संवाद व करमणुकीची जोड दिली गेली. रुग्णांचे जीवनमान सुधारले, अस्वस्थता घटली आणि खर्चही कमी झाला.

मात्र, प्रत्येक प्रशिक्षण फळतेच असे नाही. २०२० मध्ये ५० शुश्रूषागृहांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. तीत प्रत्येक गृहातील दोन कर्मचाऱ्यांना निरीक्षणाची पद्धत शिकवून पुढची धुरा त्यांच्यावरच सोपवण्यात आली होती. रुग्णांच्या अस्वस्थतेत फरक पडला नाही. बहुतेक ठिकाणी ती पद्धत पूर्णपणे राबवलीच गेली नव्हती. कामाचा ताण, कर्मचाऱ्यांचे नोकरी सोडून जाणे आणि व्यवस्थापनाचा अपुरा पाठिंबा यांपुढे प्रशिक्षण तोकडे पडले.

भारताने यातून बोध घ्यायला हवा. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख नागरिकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबे लहान होत असताना शहरांत शुश्रूषागृहांची गरज वाढणारच. तेथे रुग्णाजवळ दिवसभर असतात त्या मावशी आणि परिचारिका. त्यांना एका दिवसाच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र देऊन भागणार नाही. सोबत राहून शिकवणारा तज्ज्ञ, रुग्णाशी बोलण्यासाठी राखून ठेवलेला वेळ आणि माणसे टिकून राहतील असे वेतन यांचाही हिशेब मांडावा लागेल. तो टाळला, तर सोपा उपाय म्हणून गोळीच पुढे येईल.