विश्लेषण : सिगारेट, वेपमुळे डेंटल इम्प्लांट निकामी होते का?

पडलेल्या दाताच्या जागी हजारो रुपये खर्चून इम्प्लांट बसवले जाते. मात्र धूम्रपान सुरूच राहिले तर हा खर्च वाया जाण्याचा धोका वाढतो. ‘सिगारेट सोडली, आता फक्त वेप’ असे म्हणणाऱ्यांचाही हा धोका टळत नाही. असे का होते?

इम्प्लांट हाडात कसे रुजते?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर कृत्रिम दाताची कॅप बसते. टायटॅनियमशी हाड एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. हाड स्क्रूला घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. हाच काळ सर्वांत नाजूक असतो.

धूर नेमके काय बिघडवतो?

निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजन घटवतो. परिणामी जखम उशिरा भरते आणि नवे हाड नीट तयार होत नाही. बेन आणि मॉय यांच्या १९९३ मधील अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांची ११.२८ टक्के, तर न करणाऱ्यांची ४.७६ टक्के इम्प्लांट निकामी ठरली होती.

इम्प्लांट रुजल्यावर धोका संपतो का?

नाही. पुढे इम्प्लांटभोवतीच्या हिरड्यांना संसर्ग होऊन हाड झिजू शकते. याला ‘पेरी-इम्प्लांटायटिस’ म्हणतात. हिरड्यांतून रक्त येणे हा त्याचा पहिला इशारा. पण निकोटिनमुळे रक्तस्राव कमी दिसतो आणि दुखणे वाढेपर्यंत रुग्णाला पत्ताच लागत नाही.

वेप सुरक्षित आहे का?

वेपमध्ये तंबाखू जळत नाही, मात्र बहुतेक वेपमध्ये निकोटिन असतेच. वेप वापरणाऱ्यांच्या इम्प्लांटभोवती हाडाची झीज जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. हे अभ्यास लहान आहेत, तरी वेपला सुरक्षित म्हणण्याजोगा पुरावा त्यांतून मिळत नाही.

भारतात अडचण कोणती?

देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरातीवर बंदी आहे. त्यामुळे चोरून वेप ओढणारा रुग्ण डॉक्टरांपुढे ‘मी सिगारेट ओढत नाही’ एवढेच सांगून मोकळा होऊ शकतो. वेपला धुरासारखा वास नसल्याने डॉक्टरांनाही शंका येत नाही. मग उपचाराचा आराखडाच अपुऱ्या माहितीवर बेततो.

काय करावे?

शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधी आणि नंतर ८ आठवडे धूम्रपान बंद ठेवावे, असा जुना प्रचलित सल्ला आहे. कायमचे सोडणे अर्थातच उत्तम. निकोटिनच्या गोळ्या किंवा पॅच घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर मदत मिळते. दिवसाला किती सिगारेट, कोणता वेप, किती वर्षे, याचे खरे उत्तर पहिल्याच भेटीत दिले तर इम्प्लांट आत्ता बसवायचे की काही आठवडे थांबायचे, हे डॉक्टरांना ठरवता येते.