मोजक्या गोळ्यांचा खेळ

"कॉम्प्युटर गेम म्हणजे नुसती मारामारी," असे म्हणणाऱ्या मंडळींना माझा एकच प्रश्न. मग १९९९ चा 'सिस्टम शॉक २' २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा का आला?

'फॉन ब्राउन' नावाचे अंतराळयान, मोजक्या गोळ्या, वापरून वापरून बिघडणारी बंदूक. नेमबाजी, हॅकिंग की मनःशक्ती वाढवायची, हे आपण ठरवायचे. सगळे एकदम मिळत नाही. मेलेल्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून काय घडले ते आपणच जुळवायचे. आमच्या आलापल्लीच्या जंगलात दिसलेल्या वाघापेक्षा न दिसलेल्याची धास्ती जास्त, तिथेही तसेच. चित्रे जुनाट झाली, धास्ती नाही.

खेळ लहानांसाठी नाही, कबूल. पण कॉलेजातल्या नातवंडांना बोल लावण्याआधी तासभर शेजारी बसून पाहा. उत्तरपत्रिका न उघडता नापास करणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणत नव्हतो.