कामांतला विसांवा

मागील अंकांतील सदर वाचून एका वाचकभगिनींनीं मला पत्र पाठविलें आहे. पत्र दोनच पानांचें आहे. परंतु तें वाचून झाल्यावर मी बराच वेळ चष्मा हातांत धरून ओसरीवर बसून राहिलों. त्यांचे यजमान तीन वर्षांपासून अंथरुणास खिळलेले आहेत. घर मोठें आहे, माणसें पुष्कळ आहेत, शुश्रूषेंत उणें असें कांहीं नाहीं. बाई लिहितात, “दिवसांत मला खरा विसांवा मिळतो तो गच्चीवर धुणें वाळत घालतांना. तेवढा अर्धा तास मला त्यांची आठवणसुद्धां होत नाहीं. खालीं आल्यावर मात्र मन खाऊं लागतें. माझें हें चुकतें का?”

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार माझ्यासारख्या निवृत्त पंतोजीस विद्वत्तेनें पोंचत नाहीं. अनुभवानें मात्र पोंचतो. म्हणून या सदरांत जें लिहावयाचें मी आजवर टाळीत आलों, तें आज लिहितों.

माझ्या कुटुंबास कंपवाताचा विकार जडून सहा वर्षें झालीं. त्याची पहिली खूण हात थरथरण्याची नव्हती. वाण्याकडे द्यावयाच्या यादींतील तिचें अक्षर महिन्यामहिन्यानें बारीक होत चाललें होतें. जन्मभर मुलांचीं हस्ताक्षरें तपासलेल्या माझ्या डोळ्यांना तें दिसलें; पण त्याचा अर्थ कळला नाहीं. “शाईला महागाई आली वाटतें!” असें म्हणून मीं थट्टा केली, ती आज आठवते. इंग्लंडांतील जेम्स पार्किन्सन नांवाच्या वैद्यानें १८१७ सालीं या विकारावर निबंध लिहिला, म्हणून डॉक्टर लोक त्यास पार्किन्सनचा आजार म्हणतात. मेंदूंतील डोपामीन नामक द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू क्षीण होत जातात; हालचाल मंदावते, सांधे ताठतात, आवाज खोल जातो. औषधानें विकार आटोक्यांत राहतो, परंतु माघारा फिरत नाहीं. औषध जें देतात तें लेव्होडोपा. १९३७ सालीं मद्रासच्या संशोधकांनीं हेंच द्रव्य आपल्या खाजकुयलीच्या बियांतून वेगळें काढलें होतें. हें वाचतांच माझा संस्कृताभिमान उफाळून आला आणि कपिकच्छूचें चूर्ण आणावयास मी पिशवी घेऊन निघालोंहि होतों! डॉक्टरांनीं वेळींच दटावलें. गोळ्यांच्या जोडीस असलें कांहीं मनानें दिलें तर मात्रेचा सगळा हिशेब चुकतो.

या गोळीनेंच मला स्वयंपाकघरांत आणलें. डाळीदुधांतील प्रथिन औषधाच्या वाटेंत येतें, म्हणून आमच्या डॉक्टरांनीं गोळी जेवणापूर्वीं तासभर आधीं द्यावयास सांगितली आहे. अकराची गोळी आणि बाराचें जेवण. सूनबाई त्या वेळीं कचेरींत, वहिनींचे गुडघे धरलेले; तेव्हां हें काम माझ्याकडे आलें. ‘गृहस्थ’ शब्दाची व्युत्पत्ति मीं चाळीस वर्षें फळ्यावर लिहिली, पण घरांत राहणें म्हणजे ओसरीवर राहणें अशीच माझी तोंवर समजूत होती. साखरेचा डबा कोठें असतो हें मला साठी उलटल्यावर ठाऊक झालें.

आतां तो दिवस सांगतों. श्रावणांतला सोमवार होता. आमटीभाताचा एकेक घांस तिला घोळवून, सांभाळून गिळावा लागतो. घाई केली तर ठसका लागतो. पाऊण तास झाला, तरी अर्धें ताट तसेंच होतें. आणि माझ्या तोंडून निघून गेलें, “जेवायला बसली आहेस कीं व्रताला बसली आहेस?” तिनें चमचा खालीं ठेवला. या विकारांत चेहऱ्याचे स्नायूहि ताठतात, मनांतलें मुखावर उमटत नाहीं. तिला राग आला कीं वाईट वाटलें, तें मला दिसेना. पूर्वीं एवढ्यावर तिच्या भिंवया चढल्या असत्या आणि मीहि शहाण्यासारखा गप्प झालों असतों. ती नुसती माझ्याकडे पाहत होती, आणि क्षमा मागावी तरी ती पोंचली कीं नाहीं हें कळण्याची सोय नव्हती.

मी उठून मागल्या मोरीवर गेलों. तेथें पितळेचें जुनें घंगाळ पडलें होतें, काळेंठिक्कर झालेलें. चिंचेचा कोळ, मीठ आणि काथ्या घेतला आणि घासूं लागलों. चिंचेंतील आम्ल तो काळा थर विरघळवितें, हें शाळेंत शिकविलेलें विज्ञान. पण हाताखालीं तें घडतांना पाहणें ही निराळी गोष्ट आहे. जेथें हात फिरला तेथें पिवळें सोनें. जेथें फिरला नाहीं तेथें काळोख. अर्ध्या तासानें घंगाळ उन्हांत पालथें घातलें, तेव्हां छातींतला दगड उतरला होता. आंत जाऊन मीं तिला “चुकलों” म्हटलें आणि उरलेला भात पुन्हां गरम केला.

त्या दिवसापासून मला ही संवयच लागली. देवाचीं उपकरणीं, तांब्ये, हंडे झाले. मग तांदूळ निवडणें, साय विरजून लोणी काढणें, तूप कढविणें, तिच्या पातळांच्या घड्या घालणें. तूप कढवितांना तर दुसरा विचार करतांच येत नाहीं. बेरी बदामी झाली आणि पळभर दुर्लक्ष झालें कीं करपलीच. मुलगा म्हणे, “बाबा, भांड्यांना बाई आहे ना?” आहे, पण तांब्यापितळेला हात लावूं नकोस असें मीं तिला बजावून ठेवलें आहे. वहिनी हंसून म्हणाल्या, “भाऊजी, पुरे हो! हंडा झिजून त्याचा तांब्या व्हायचा.” एकत्र कुटुंबांतील मायाळू माणसांना येथें एक विनंति करावीशी वाटते. दुखणाइताजवळ बसणाऱ्याच्या हातांतलें काम ‘तुम्ही बसा, आम्ही करतों’ म्हणून काढून घेऊं नका. त्याला बसण्याचाच शीण आलेला असतो.

आजाऱ्याची सेवा कितीहि केली तरी संपत नाहीं. आज जें केलें तें उद्यां पुन्हां, आणि उद्यां कालच्यापेक्षां थोडें उणेंच साधणार हें ठाऊक असतें. शाळेंत वर्ष संपे, निकाल लागे, मुलें वरच्या वर्गांत जात. या दुखण्यांत निकाल नाहीं. भांडें मात्र घासलें कीं उजळतें. तें हाताचें ऐकतें आणि काम पुरें झाल्याचें सांगतें. तेवढें सांगणारें दिवसांत एखादें असावें लागतें. म्हणून भगिनी, गच्चीवरच्या तुमच्या अर्ध्या तासांत मला कांहींहि चुकीचें दिसत नाहीं.

एवढ्यावर थांबलों असतों तर उत्तर सोपें झालें असतें. परंतु पुढचें लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

सातआठ महिन्यांनीं एका दुपारीं मी पंचपात्री पुशीत होतों. ती दाराशीं खुर्चींत बसली होती. ती म्हणाली, “अहो, हल्लीं तुम्ही भांड्यांशीं जास्त बोलतां.” तिचा आवाज इतका खोल गेला आहे कीं मला तें दुसऱ्यांदां विचारावें लागलें, आणि दुसऱ्यांदां ऐकणें अधिक जड गेलें. कारण तें खरें होतें. गोळी वेळेवर देत होतों, घांस भरवीत होतों, आणि ताट उचललें कीं मोरी गांठीत होतों. संध्याकाळीं तिच्याजवळ सूनबाई बसे, शेजारच्या काकू बसत. मला तेव्हां नेमकी डाळ निवडावयाची आठवण होई. तिच्या त्या निश्चल चेहऱ्यासमोर बसणें मला कठीण जात होतें, आणि घासण्याजोगें भांडें घरांत नेहमींच सांपडत होतें. श्रावणांतलें घंगाळ मला तिच्याकडे परत घेऊन आलें होतें. ही पंचपात्री तर स्वच्छच होती!

मी कांहींच बोललों नाहीं. तीच म्हणाली, “तांदूळ इकडे आणा. मी निवडतें.”

परात मांडीवर ठेवली. या विकारांतील कंप बहुधा हात निवांत असतांना अधिक असतो. हात कामास लावला कीं पुष्कळदां ओसरतो. तिचें बोट खड्याच्या रोखानें निघालें कीं थरथर कमी होई, पण मी टक लावून पाहूं लागलों कीं पुन्हां वाढे. तेव्हां मी बाजूस बसून दुसऱ्या ताटांत डाळ घेतली आणि तिकडे पाहीनासा झालों. पंधरा मिनिटांच्या तांदळांना तास लागला, मूठभर जमिनीवर सांडले. खरें सांगावयाचें तर या कामानें मला मुळींच विसांवा मिळाला नाहीं. दोनदां परात ओढून घ्यावीशी वाटली. माझ्या विसाव्यांतलें एक काम तिनें मागून घेतलें होतें आणि तें मला सुखासुखीं देववत नव्हतें, हें लिहितांना शरम वाटते.

आतां आमची वांटणी झाली आहे. तांबेंपितळ माझें, तेथें ती येत नाहीं. तांदूळ दोघांचे, तेथें मी घाई करीत नाहीं, निदान करूं नये असें ठरविलें आहे. तिसरें एक काम अलीकडेच निघालें. उंबऱ्यापाशीं आलें कीं तिचे पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात. पुढें पाऊलच उचलत नाहीं. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं युक्ति सांगितली कीं वाटेवर आडव्या रेघा काढा. रेघ ओलांडावयाची म्हटलें कीं अडलेलें पाऊल उचललें जातें. मला प्रथम हें कांहीं तरीच वाटलें, पण तसें खरोखर होतें. रोज सकाळीं मी उंबऱ्याच्या अलीकडेपलीकडे रांगोळीच्या सहा रेघा ओढतों. ती खुर्चींतून पाहते आणि तिसरी वांकडी आहे म्हणून सांगते. मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें फुल्या मारण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला आतां रोज पुसून पुन्हां काढावें लागतें.

भगिनी, तुमचें पत्र मीं काल तिला वाचून दाखविलें. तिनें बराच वेळ विचार केला. तिच्या उत्तराची वाट पाहावयास मी आतां शिकलों आहें. मग म्हणाली, “त्यांना लिहा, गच्ची सोडूं नका म्हणावें. फक्त खालीं येतांना एखादा वाळलेला पंचा यजमानांच्या हातांत द्या, घडी घालायला.”

तुमच्या यजमानांच्या हातांस तें कितपत साधेल, हें तुम्हांलाच ठाऊक. मी निरोप जसाच्या तसा पोंचविला आहे.