जंतूचे नाव आणि आपली अब्रू

ऑगस्ट 2010 मध्ये आपल्या देशात एका नावावरून मोठा गदारोळ झाला होता, काहींना आठवत असेल. 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या रुग्णांत असे जंतू सापडले होते की ज्यांच्यावर कार्बापेनेम गटातली, म्हणजे डॉक्टर अगदी शेवटी बाहेर काढतात ती अँटिबायोटिक्सही चालत नव्हती. जंतूंना हे बळ देणाऱ्या एन्झाइमचे नाव होते न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-1, थोडक्यात एनडीएम-1. झाले! राजधानीचे नाव आणि ते असल्या गोष्टीला? संसदेत विषय निघाला, आरोग्य मंत्रालयाने आक्षेप घेतला, स्वस्तात शस्त्रक्रिया करून घ्यायला भारतात येणाऱ्या परदेशी रुग्णांना पळवून लावण्याचा हा डाव आहे, असेही बोलले गेले.

आम्हा गोवेकरांना ही तऱ्हा नवी नाही. किनाऱ्याविषयी कुठे काही वाईट छापून आले, की ते खरे की खोटे हे पाहण्याआधीच 'गोव्याची बदनामी' हे शब्द आपल्या ओठांवर तयार असतात.

नावामागची हकीगत साधी आहे. भारतीय वंशाचा एक स्वीडिश गृहस्थ नवी दिल्लीच्या इस्पितळात उपचार घेऊन परत गेला आणि 2008 साली तिकडे त्याच्या लघवीत हा जंतू मिळाला. जिथला संबंध तिथले नाव, ही या शास्त्रातली जुनीच रीत. अशाच एका एन्झाइमला 'व्हिम' म्हणतात, त्यातला 'व्ही' इटलीतल्या व्हेरोना शहराचा. 'एसपीएम' मधले पहिले दोन शब्द ब्राझीलच्या साव पावलोचे. (म्हणजे तिथे थेट एका संताचे नाव चिकटले! आपल्याकडे असे झाले असते तर किती मोर्चे निघाले असते, कल्पना करा.) तरीही शहराच्या नावाला बट्टा लागल्याचा राग मी समजू शकतो. 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी 2011 च्या जानेवारीत त्या नावाबद्दल माफीही मागितली.

मला खटकते ते वेगळेच. त्या गदारोळाच्या पाच महिने आधी, मार्च 2010 मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या फिजिशियनांच्या नियतकालिकात हीच गोष्ट लिहिली होती. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 मिळाले होते. त्याच अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांनी तर अँटिबायोटिक्सचा मृत्युलेखच लिहिला! तेव्हा कोणाचेही रक्त उसळले नाही. आपल्या माणसांनी घरात सांगितले ते ऐकू आले नाही, आणि परक्याने चव्हाट्यावर म्हटले तेव्हा अब्रू आठवली.

मी काही डॉक्टर नव्हे, कला शाखेचा पदवीधर आणि सरकारी कारकून. पण वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची बिले माझ्या टेबलावरून जातात, आणि बिले वाचता वाचता माणूस पुष्कळ शिकतो. मध्यंतरी एक जाडजूड फाइल आली. एका कर्मचाऱ्याची आई, खुब्याचे हाड मोडले म्हणून दाखल झालेली. पहिल्या आठवड्याची बिले नेहमीसारखी. मग औषधांची नावे बदलू लागली. मेरोपेनेम आले, त्याच्या कुप्या वाढत गेल्या आणि शेवटी कोलिस्टिन. हे 1950 च्या दशकातले जुने औषध, मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून बाजूला ठेवलेले. दुसरे काही उरले नाही म्हणून डॉक्टरांना पुन्हा काढावे लागले. आठ-दहा दिवसांचा मुक्काम महिन्यावर गेला. म्हातारी वाचली नाही. आणि अख्ख्या फाइलीत आजाराच्या रकान्यात एकच शब्द, 'फ्रॅक्चर'. हाड मोडल्यामुळे कोणाला कोलिस्टिन देत नाहीत, एवढे आता मलाही कळते.

इस्पितळात पडलेल्या माणसाच्या शरीरात शिरायला जंतूला वाटाच फार. लघवीची नळी, शिरेतली सुई, व्हेंटिलेटर, ओले टाके. शिवाय एनडीएमचे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकते, जणू शेजारणीकडे विरजण द्यावे तसे. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर त्याला नेतात ते बहुतेक वेळा हात. डॉक्टरांचे, नर्सचे आणि हो, आपलेही. आजाऱ्याला पाहायला न जाणे म्हणजे आपल्याकडे वैर धरल्यासारखे. शहाळे न्यायचे, देवाचा अंगारा लावायचा, खाटेच्या कडेवर टेकून हात कुरवाळायचा. आणि गोवा एवढासा, पलीकडच्या खाटेवरही ओळखीचे कोणी निघतेच! बाहेरून आल्यावर पायांवर पाणी घेतल्याखेरीज उंबरठा न ओलांडणारी आपण माणसे, वॉर्डात मात्र सरळ आत.

तरी पाहुण्यांना दोष देऊन हात झटकणे इस्पितळांना परवडणार नाही. कायदे कागदावर आहेत. मार्च 2014 पासून 'एच-1' यादीतली अँटिबायोटिक्स विकताना फार्मसीवाल्याने डॉक्टरचे नि रुग्णाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. तुम्ही शेवटचे कधी असे रजिस्टर उघडलेले पाहिले? असो, तो वेगळा विषय.

माझे म्हणणे आकड्यांबद्दल आहे. इंग्लंडमध्ये 2001 पासून सरकारी इस्पितळांना एमआरएसए या हट्टी जंतूच्या रक्तसंसर्गाचे आकडे सक्तीने द्यावे लागतात आणि ते नावानिशी प्रसिद्ध होतात. वर्तमानपत्रांनी त्यांना यथेच्छ झोडपले. पण झोडपून घेतल्यावर हात धुण्यापासून नळ्यांच्या निगेपर्यंत सगळ्याची झाडाझडती झाली आणि 2004 नंतरच्या चारपाच वर्षांत त्या संसर्गांची संख्या निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013 मध्ये अशा जंतूंवर नजर ठेवणारे जाळे उभारले, त्याचे वार्षिक अहवालही निघतात, ते चांगले काम आहे. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आईला कुठे न्यावे हे ठरवणाऱ्या मुलाला त्या अहवालाचा काय उपयोग? त्याला हव्या त्या इस्पितळाचा आकडा हवा. तो मागितला की पुन्हा तेच, संस्थेची बदनामी होईल.

निदान डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? 'दाखल झाल्यानंतर संसर्ग झाला काय? होय / नाही. कोणता जंतू?' एक ओळ पुरे. बिलासोबत ते कार्ड आमच्याकडे येतेच, त्यातली बेरीज करायला कारकून आहेत.